अमळनेरचा तेल कारखाना आणि प्रेमजी पितापुत्र

आपल्या ज्ञातीच्या नावात तेल आहे आणि तेल या शब्दात तीळ आहे. तुकोबांचे टाळकरी व त्यांच्या अभंगांचे लेखक संताजी जगनाडे महाराज ज्या ज्ञातीत जन्मले, तिचा घाणा शतकानुशतके गावगाड्याचा आवश्यक भाग होता. मुळशी-मावळच्या डोंगरउतारांवरील कारळा असो की देशावरील करडई व भुईमूग असो, गावचे पीक गावच्या घाण्यात पडे, तेल स्वयंपाकघरात व समईत जाई आणि पेंड गोठ्यात जाई. असे असूनही विसाव्या शतकात महाराष्ट्रातील तेलगिरणीपासून आरंभ करून ज्यांचे नाव जगभर झाले, ते गृहस्थ आपल्यापैकी नव्हते. याचे वैषम्य मानण्याचे कारण नाही. परंतु हा उत्कर्ष कसा घडला, हे ज्ञातिबांधवांनी समजून घ्यावे, एवढ्याच हेतूने हा लेख आम्ही सादर करीत आहो.

मोठे भांडवल आले म्हणजे काय होते, हे मुळशीकरांस सांगावयास नको. १९२१ साली सुरू झालेल्या व पुढे सेनापती बापटांनी चालविलेल्या सत्याग्रहानंतरही टाटांचे धरण झालेच; खोऱ्यातील गावे व भातखाचरे पाण्याखाली गेली आणि त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. घाणा असा एका दिवसात बुडाला नाही. तो गावोगाव हळूहळू थांबत गेला; म्हणूनच त्याच्यासाठी कोठे सत्याग्रह झाला नाही.

आता मुळशीहून खानदेशात येऊ. बोरी नदीच्या काठचे अमळनेर हे तालुक्याचे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९०६ साली येथे कापडगिरणी काढली. येथील शाळेत साने गुरुजी शिक्षक होते. भोवती भुईमूग व कापूस पिके आणि कापसामागून सरकी येई. मुंबईचे व्यापारी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी कारखान्यासाठी हे गाव निवडले, यात नवल नाही. गुजरातेतून आलेल्या खोजा समाजातील हे घराणे तांदळाच्या व्यापारात नावाजलेले होते. २९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी २४ जुलै रोजी त्यांचा पुत्र अझीम याचा मुंबईस जन्म झाला होता. मातोश्री डॉ. गुलबानू यांनी मुंबईत अस्थिव्यंग मुलांच्या रुग्णालयासाठी आयुष्य वेचले.

कारखान्याचा मुख्य माल 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप हा होता. शुद्ध केलेल्या तेलातून निकेल धातूच्या साहाय्याने व दाबाखाली हायड्रोजन वायू सोडला की पातळ तेल थिजते. या विद्येचे पेटंट १९०२ साली जर्मनीत निघाले आणि आपल्या देशात १९३७ पासून 'डालडा' घरोघर पोहोचला. तेल शुद्ध करताना जो साबणासारखा गाळ निघतो, तोही अमळनेरास वाया गेला नाही. त्यातून '७८७' हा धुण्याचा साबण निघाला. गांधीजींचा वनस्पतीस विरोध होता. तुपात तिची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याचा सरकारी नियम झाला, कारण तिळाचे तेल रासायनिक कसोटीत गुलाबी रंग देते. आधुनिक गिरणीच्या प्रामाणिकपणाची साक्ष शेवटी आपल्या जुन्या तिळालाच द्यावी लागली, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

१९६६ साली महंमद हुसेन यांचे अकस्मात निधन झाले. अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. ती पदवी त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळानंतर पूर्ण केली. आरंभीच्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने भर सभेत उठून, हे तुमच्याच्याने होणार नाही, आपले भाग विकून अनुभवी माणसाच्या हाती कारभार द्या, असे सुनावले. ही हकिकत प्रेमजींनी स्वतःच पुढे सांगितली आहे. तेलाच्या धंद्याचा त्यांना गंध नव्हता, तेव्हा त्या भागधारकाचा अगदीच अन्याय होता असे आम्हास वाटत नाही.

त्यानंतर प्रेमजींनी जे केले ते आमच्या दृष्टीने या हकिकतीचे मर्म आहे. शेंगांची खरेदी तोवर जाणत्यांच्या अंदाजाने होई. दाणा हातात चोळावा, दाताखाली धरावा, आणि यात तेल किती, ओल किती हे मनाशी ठरवून भाव बोलावा. प्रेमजींनी ही खरेदी मोजमापाच्या ठराविक नियमांवर आणली.

दाणा पारखण्याची ही विद्या आपल्या वाडवडिलांपाशीही होती, आणि ती खोटी नव्हती. लाटेखालील दाण्याचा आवाज ऐकून पाणी केव्हा शिंपडावे हे ओळखणारी माणसे आपल्यात होऊन गेली. परंतु ही विद्या ज्याच्या हातात असे, त्याच्याबरोबरच ती जाई. एका घाण्याचे दहा घाणे करावयाचे तर तसे दहा हात कोठून आणावयाचे? कागदावर उतरलेले माप परक्या नोकराच्या हाती देता येते. शिवाय घाण्याच्या पेंडीत दहावा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक तेल राहून जाई, तर रासायनिक द्रावणाने काढलेल्या पेंडीत ते एका टक्क्याच्या आसपास उरते. जनावरांस आपली पेंड अधिक मानवे हे खरे, पण तेवढे तेल बाजारात आपल्या पदरी पडत नसे.

दुसरी गोष्ट भांडवलाची. आपला तेली बी उधारीने घेई आणि तेल विकून सावकाराचे देणे फेडी. अमळनेरच्या कंपनीने भाग विक्रीस काढले आणि गावातील कित्येक कुटुंबांनी ते घेतले. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यांच्या घरी पुढे त्याचे मोठे धन झाले. आपल्यात दोन घाणेवाल्यांनी भागी केल्याची उदाहरणे फार विरळ; भावाभावांत घाणा वाटून घेतल्याची मात्र पुष्कळ सापडतील.

पुढील इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. कंपनीने यंत्रसामग्रीत व नंतर संगणकात प्रवेश केला, १९७७ साली 'विप्रो' हे नाव घेतले, आणि 'संतूर' साबणही तिनेच काढला. प्रेमजींनी आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग शिक्षणाच्या कार्यास दिला व २०१९ साली ते कार्यकारी अध्यक्षपदावरून निवृत्त झाले.

घाण्यासाठी कोणी काहीच केले नाही असे मात्र नव्हे. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत सुधारलेला घाणा तयार केला, आणि १९५७ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने अशा घाण्यांस साहाय्य दिले. आज पुण्याच्या दुकानांत लाकडी घाण्याचे तेल गिरणीच्या तेलाहून बऱ्याच चढ्या भावाने विकले जाते. त्या घाण्यास बैल नाही, विजेची मोटार आहे. आणि बँकेचे कर्ज काढून तो घालणाऱ्यांत ज्ञातीबाहेरचे तरुणही आहेत.