कोजागरी ते दिवाळी: कॉकटेल, मसाला दूध आणि मधुमेह

नवरात्राचे उपवास, दसरा, कोजागरीचे जागरण आणि मग दिवाळी. सातारा-सांगली भागात शरद ऋतूचे हे दिवस पाहुण्यांचे आणि खाण्यापिण्याचे. गुऱ्हाळे सुरू झाली की ताज्या उसाच्या रसाचा पेला हातात येतो. कोजागरीला गच्चीवर दूध आटते आणि हल्ली अनेक ठिकाणी त्याच रात्री कॉकटेलही बनते. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर पेल्यात नेमके काय आहे आणि रात्री कशावर लक्ष ठेवायचे, हे घरातल्यांना माहीत असायला हवे.

कॉकटेलमुळे शरीरात काय होते?

कॉकटेल म्हणजे दारूत कोला, फळांचा रस, सरबत किंवा क्रश मिसळून केलेले पेय. त्यात दोन उलटे परिणाम एकत्र येतात.

- आधी साखर वाढते. 200 मिली कोलामध्ये सुमारे 20 ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर असते.
- नंतर साखर उतरते. आपण जेवलेलो नसताना यकृत (लिव्हर) रक्तात साखर सोडत असते. दारू पोटात गेली की यकृत ती निकामी करण्याच्या कामाला लागते आणि नवी साखर तयार करणे मंदावते. त्यामुळे काही तासांनी, बहुतेकदा झोपेत किंवा पहाटे, साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

म्हणून पार्टीनंतर लगेच तपासलेली साखर 220 आली, तरी धोका टळला असे समजू नये. ती उतरवण्यासाठी इन्सुलिनचा जादा डोस स्वतःच्या मनाने घेऊ नये.

धोका कोणाला जास्त?

- इन्सुलिन घेणाऱ्यांना.
- ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांना. अनेक गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही असते, म्हणून पाकिटावरील घटक वाचा.
- उपवासानंतर किंवा उपाशीपोटी पिणाऱ्यांना.
- दिवसभर शेतात कष्ट केलेल्यांना किंवा रात्री उशिरापर्यंत नाचलेल्यांना.

मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी खूप दारू प्यायल्यास रक्तात लॅक्टिक ॲसिड साठण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो.

किती म्हणजे जास्त?

30 मिली व्हिस्की किंवा रममध्ये सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल असते, 100 मिली वाइनमध्येही साधारण तेवढेच. 8 टक्के अल्कोहोलच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिली बाटलीत मात्र सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे चार छोट्या पेगांइतके अल्कोहोल असते. "फक्त एक बिअर घेतली" याचा अर्थ एवढा होतो.

वाइन द्राक्षांची आहे म्हणून ती औषधी ठरत नाही. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा आजार, गर्भारपण, झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोलसारखे औषध चालू असल्यास दारू पूर्ण टाळावी.

तरीही घेणार असाल तर

1. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.
2. भाकरी, भात, डाळ असे व्यवस्थित जेवून मगच घ्या. नुसते शेंगदाणे किंवा चकणा म्हणजे जेवण नव्हे.
3. झोपण्यापूर्वी साखर तपासा. घरातल्या एका जाणत्या माणसाला सांगून ठेवा.
4. प्यायची म्हणून गोळी किंवा इन्सुलिन परस्पर बंद करू नका.

नशा की साखर कमी?

अडखळते बोलणे, तोल जाणे, चिडचिड, गुंगी ही लक्षणे दोन्हींत सारखीच. तोंडाला दारूचा वास आला की "झोपू दे, सकाळी उतरेल" असे घरचे म्हणतात, आणि उपचाराची वेळ निघून जाते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड असेल तर साखर कमी झाल्याची शंका घ्या. ग्लुकोमीटरने लगेच तपासा.

- साखर 70 पेक्षा कमी असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. लाडू-करंजी देऊ नका, तुपामुळे साखर रक्तात हळू मिसळते.
- मीटर नसेल तरी साखर द्यायला थांबू नका.
- साखर वर आल्यावर पोळी किंवा भात खायला द्या. रात्रीत पुन्हा तपासा.
- रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 वर फोन करा.

घरी करण्यासारखी बिनदारूची पेये

- कोकम सोडा: पाच-सहा आमसुले अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून कुस्करा. गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थंड साधा सोडा घाला. तयार कोकम सरबतात साखर भरपूर असते. रक्तदाब असल्यास मीठ घालू नका.
- आले-पुदिना लिंबू: आले आणि पुदिना ठेचून लिंबाचा रस व सोडा घाला.
- मसाला दूध: एक छोटा कप (150 मिली) दूध, केशर, वेलची, चिमूटभर जायफळ, तीन-चार बदाम-पिस्ते. साखर घालू नका. दुधातच सुमारे 7 ग्रॅम नैसर्गिक साखर असते.

उसाच्या एका पेल्यात 25 ग्रॅमपेक्षा जास्त साखर असू शकते. लिंबू-आले घातल्याने ती कमी होत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असल्यास कोणते पेय किती घ्यावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सणापूर्वी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आहेत ना, त्यांची मुदत संपलेली नाही ना, एवढे आजच पाहून ठेवा.