तीन वेळापत्रके आणि एक दफ्तर

कोणत्याही व्यवसायाचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी स्वभावतःच त्या व्यवसायाने निर्माण केलेल्या वस्तूंवर खिळते. ज्या वहिवाटीमुळे अनेक हातांना एकाच वस्तूवर काम करणे शक्य झाले, ती वहिवाट मात्र वस्तू सिद्ध होताच विस्मृतीत जाते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या व्यवसायात तर ही विस्मृती फारच लवकर येते. आज जगभरचे प्रोग्रामर सामायिक संग्रहातून ताजी प्रत उतरवून घेतात, तीत आपले फेरफार करतात, सहकाऱ्यांच्या फेरफारांशी ती रुजू घालून पाहतात आणि कारणाची नोंद करून ती पुन्हा संग्रहात दाखल करतात. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोणी तरी, कोणत्या तरी निकडीपोटी बसवून दिला असेल, हा विचारही मनात येत नाही.

या वहिवाटीचा आरंभ अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत झाला. तेथे मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’ ही प्रणाली रचली आणि १९७५ साली एका निबंधाद्वारे तिचे तत्त्व विद्वानांपुढे मांडले. प्रत्येक फेरफार कोणी केला, केव्हा केला आणि का केला, याची नोंद कोडबरोबरच राहावी आणि मागची कोणतीही आवृत्ती हवी तेव्हा पुन्हा उभी करता यावी, हा तिचा हेतू होता. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिकी यांनी ‘रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम’, म्हणजे आरसीएस, निर्माण केली. लोकांना बहुधा ताजीच आवृत्ती लागते हे ध्यानी घेऊन त्यांनी अखेरची आवृत्ती सबंध ठेवली, आणि मागच्या आवृत्त्यांपर्यंत उलट पावली जाण्यासाठी केवळ फरकांच्या नोंदी जतन केल्या. त्यामुळे रोजचे काम वेगाने होऊ लागले.

या दोन्ही प्रणालींचा सामूहिक कामाविषयीचा विचार मात्र एकच होता, आणि तो म्हणजे कुलूप. ज्याला फाइलीत फेरफार करावयाचा असेल त्याने ती आपल्या नावे कुलूपबंद करावी, काम संपवून परत करावी, आणि तोवर इतरांनी ती केवळ वाचावी. आरसीएसमध्ये दुसऱ्याचे कुलूप मोडण्याची सोय होती, परंतु ते मोडताच मूळ धारकाकडे तशी वर्दी ई-टपालाने जात असे. या व्यवस्थेत शिस्त होती, दोघांचे काम एकमेकांवर पडून नष्ट होण्याचे भयही टळत होते. परंतु एकाच्या हाती फाइल असेतो दुसऱ्याने खोळंबून राहावे, हे तिचे मूल्य होते. आणि सर्वजण एकाच इमारतीत, एकाच वेळी, हाकेच्या अंतरावर बसत असले तरच ते मूल्य सोसण्याजोगे होते.

ही अट ॲम्स्टरडॅममध्ये अशक्य ठरली. तेथील व्हरिये विद्यापीठातील अध्यापक डिक ग्रून हे आपल्या दोन विद्यार्थ्यांसह ॲम्स्टरडॅम कंपायलर किटसाठी सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. जुलै १९८४ ते ऑगस्ट १९८५ असा या कामाचा काळ होता. विद्यार्थ्यांपैकी एक सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असा नेमाने बसणारा, दुसऱ्याच्या वेळेला काही नेम नाही, आणि खुद्द ग्रून यांना या कामासाठी केवळ संध्याकाळ मोकळी. अशा त्रयीमध्ये एकाने कुलूप लावून घरी जावे आणि दुसऱ्याने रात्री येऊन ते पाहावे, म्हणजे त्याची ती रात्र वाया गेलीच. येथे एखाद्या अधिकाऱ्याने तिघांना एक वेळ नेमून दिली असती आणि प्रश्न मिटला असे मानले असते. ग्रून यांनी मात्र तिघांची वेळापत्रके जशी होती तशी ग्राह्य धरली आणि साधन त्यांना अनुसरून घडवले. या निर्णयात मला त्या संपूर्ण इतिहासाचे मर्म दिसते.

त्यांनी आरसीएसवरच आधारलेल्या काही शेल स्क्रिप्ट लिहिल्या. प्रत्येकाने संग्रहातील सर्व फाइलींची स्वतःची नक्कल घ्यावी आणि कोणाचीही परवानगी न मागता तीत फेरफार करावेत. दाखल करण्याची वेळ येईल तेव्हा प्रणाली प्रथम पाहील की, दरम्यान दुसऱ्या कोणी काही दाखल केले आहे काय. केले असल्यास ते आधी आपल्या नकलेत सामावून घेतल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. हे सामावणे तीन पाठांच्या तुलनेने होते: उभयतांनी जेथून आरंभ केला तो मूळ पाठ, एकाचा पाठ आणि दुसऱ्याचा पाठ. फेरफार निरनिराळ्या ठिकाणी असतील तर यंत्र ते आपोआप एकत्र करते. दोघांनी त्याच ओळींना हात घातला असेल तर मात्र यंत्र निवाडा करण्याचे धाडस करीत नाही, दोन्ही पाठ खुणांसह समोर ठेवते आणि निर्णय माणसांवर सोपवते. दोन सुज्ञ सहकाऱ्यांचे फेरफार एकाच ओळीवर क्वचितच आदळतात, आणि आदळलेच तर ते बोलून मार्ग काढतील, हा विश्वास या रचनेच्या मुळाशी आहे.

जून १९८६ मध्ये ग्रून यांनी या स्क्रिप्ट युजनेटच्या जाळ्यावरून सर्वांस खुल्या केल्या. १९८९ साली प्रिझ्मा या कंपनीत काम करणाऱ्या ब्रायन बर्लिनर यांनी तीच कल्पना सी भाषेत नव्याने बांधून काढली आणि पुढच्या वर्षी युजनिक्स संस्थेच्या परिषदेत निबंधरूपाने मांडली. त्यांची निकड निराळी होती: अन्य उत्पादकाकडून आलेल्या कोडमध्ये आपले फेरफार करीत असतानाच त्या उत्पादकाची नवी आवृत्ती येऊन ठेपली, तर दोहोंचा मेळ कसा घालावा? पुढे नेटवर्कवरून संग्रहाशी व्यवहार करण्याची सोय आली, आणि सीव्हीएस या नावाने ओळखली जाणारी ही प्रणाली मुक्त सॉफ्टवेअरच्या असंख्य प्रकल्पांचे दफ्तर बनली. १९९५ साली ओपनबीएसडी प्रकल्पाने आपला संग्रह निनावी वाचकांनाही खुला केला. तोवर जे दफ्तर मोजक्या अधिकृत मंडळींपुरते होते, त्यातील प्रत्येक फेरफार, त्याचा कर्ता, तारीख आणि कारण कोणत्याही जिज्ञासूला पाहता येऊ लागले.

दोषही उघड होते. सीव्हीएस प्रत्येक फाइलीचा हिशेब स्वतंत्र ठेवी. त्यामुळे अनेक फाइलींचा एक फेरफार दाखल होत असताना मध्येच संपर्क तुटला तर अर्धे काम आत आणि अर्धे बाहेर राही, आणि फाइलीचे नाव बदलले की तिच्या इतिहासाचा धागा तुटे. हे दोष दूर करण्यासाठी २००० साली सबव्हर्जन या नव्या प्रणालीचे काम सुरू झाले, आणि त्याच्या मुख्य शिल्पकारांपैकी कार्ल फोगेल हे सीव्हीएसवर ग्रंथ लिहिलेले गृहस्थ होते. जुन्या साधनाचे जाणकारच नव्याचे कर्ते झाले. एप्रिल २००५ मध्ये, लिनक्सच्या विकासासाठी वापरात असलेली बिटकीपर ही खाजगी प्रणाली विनामूल्य मिळेनाशी झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्‌स यांनी गिट लिहिण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची धुरा जुनिओ हमानो यांच्याकडे दिली. गिटने मध्यवर्ती दफ्तराची सक्तीही काढून टाकली. प्रत्येकाच्या यंत्रावर सबंध इतिहासाची प्रत आली.

२००८ नंतर सीव्हीएसची नवी आवृत्ती निघाली नाही, आणि आजच्या तरुण प्रोग्रामरांपैकी अनेकांनी ती कधी वापरलेलीही नसेल. परंतु पुण्यातील प्रोग्रामर सकाळी जे काम उचलतो, ते कॅलिफोर्नियातील त्याच्या सहकाऱ्याने नुकतेच रात्री खाली ठेवलेले असते, आणि दोघे एकमेकांच्या जागे होण्याची वाट न पाहता एकच वस्तू घडवीत राहतात, याचा पाया ॲम्स्टरडॅमच्या त्या तिघांनी घातला. सहकार्यासाठी सर्वांचे घड्याळ एक असावे लागत नाही. प्रामाणिक नोंद आणि मतभेद मिटवण्याची तयारी एवढे पुरे होते. सांघिक कामाची नवी साधने घडवणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, सहकाऱ्यांनी कसे वागले पाहिजे याची कल्पना रचण्यापूर्वी ते प्रत्यक्षात कोणत्या वेळी, कोणत्या अडचणीत काम करतात हे त्यांनी पाहावे, आणि जे घडवतील ते मूळ कोडसह पुढच्यांच्या स्वाधीन करावे. कारण टिकींच्या कामावर ग्रून, ग्रून यांच्या कामावर बर्लिनर उभे राहू शकले ते केवळ असे स्वाधीन केल्यामुळेच.