खुर्ची सोडताना

१९६८ साली मँचेस्टर युनायटेडने युरोपियन कप जिंकला आणि पुढच्याच वर्षी मॅट बस्बी मॅनेजरपदावरून निवृत्त झाले. संघ २४ वर्षे त्यांच्या हाती होता. वारस म्हणून घरचाच मुलगा निवडला, विल्फ मॅकगिनेस. बस्बींच्या हाताखाली खेळलेला, वय ३१. संघातला बॉबी चार्लटन त्याच्याहून दोन आठवड्यांनी मोठा! कालच्या सवंगड्यांना आज शिस्त कशी लावायची? त्यातून बस्बी 'जनरल मॅनेजर' म्हणून क्लबातच राहिले. डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेसला दूर केले, आणि सूत्रे पुन्हा बस्बींकडेच आली.

शेजारच्या लिव्हरपूलमध्ये १९७४ साली बिल शँकली पायउतार झाले. तिथेही घरचाच माणूस निवडला, बॉब पेस्ली. पण ते ५५ वर्षांचे, १९३९ पासून क्लबात मुरलेले. पद घ्यायला नाखूशच होते. शँकली सवयीने सरावाच्या मैदानावर येत. खेळाडू त्यांनाच 'बॉस' म्हणत. शेवटी त्यांचे येणे थांबले, आणि त्यांना ते फार लागले. पेस्लींनी मात्र नऊ हंगामांत सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन कप जिंकला.

वारस निवडताना आपण नव्याचीच परीक्षा घेतो. जुन्याला उठता येते का, हा प्रश्न पेपरात नसतोच.

निवृत्तीनंतर मीही काही महिने शाळेत चक्कर मारत असे. माझ्या वर्गावर आलेल्या नव्या सरांना काय वाटत असेल, हे तेव्हा सुचलेच नाही. असो.