एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट, दुसऱ्याकडे भारतीय: युरोपात एकत्र कसं राहायचं?

गोव्यातल्या बऱ्याच घरांत नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि बायकोकडे भारतीय (किंवा उलट) अशी स्थिती असते. अशा जोडप्यांना युरोपीय संघाचा २००४ चा मुक्त संचाराचा कायदा उपयोगी पडतो.

कुठे चालतो? पोर्तुगाल सोडून संघातल्या इतर देशांत, उदा. आयर्लंड, जर्मनी. थेट पोर्तुगालला जायचं तर सहसा तिथला स्वतःचा कायदा लागतो. ब्रिटनमध्ये हा कायदा ३१ डिसेंबर २०२० ला संपला.

व्हिसा: भारतीय जोडीदाराला लागतो, पण त्याला फी नाही. लग्नाचा दाखला हवाच.

तीन महिन्यांनंतर: पोर्तुगीज पासपोर्टवाल्याकडे नोकरी, धंदा किंवा पुरेसा पैसा आणि आरोग्य विमा हवा. विद्यार्थ्यांसाठीही सोय आहे. जोडीदाराने निवास कार्डासाठी अर्ज करायचा. ते सहा महिन्यांत मिळायला हवं. नोकरीही करता येते. सलग पाच वर्षं राहिल्यावर कायम निवासाचा हक्क मिळतो.

लक्षात ठेवा: जोडीदाराचा हक्क स्वतंत्र नसतो. पाच वर्षांच्या आत पासपोर्टवाला तो देश सोडून गेला, तर जोडीदाराचा हक्कही साधारणपणे जातो. घटस्फोट झाल्यास साधारणपणे लग्नाला तीन वर्षं झालेली हवीत, त्यातलं एक वर्ष त्याच देशात. तर तो टिकू शकतो. म्हणून घर, नोकरी सोडण्याआधी दोघांनी हे नीट बघून घ्यावं.