वंशवाद

माणसांचे जन्मजात, न बदलणारे गट असतात, त्यांच्यात बुद्धी आणि शील यांची उतरंड असते आणि वरच्या गटाने खालच्यावर सत्ता गाजवणे हा निसर्गक्रमच आहे, असे मानणारा विचार व त्यावर उभी राहिलेली समाजव्यवस्था. मराठीत यासाठी ‘वर्णद्वेष’ हा शब्द अधिक रुळला आहे, पण तो दोन्ही अंगांनी फसवा आहे. ‘वर्ण’ म्हणताच चातुर्वर्ण्य आठवते आणि ‘द्वेष’ म्हणताच मनातला राग. वंशवादाला रागाची गरज लागतेच असे नाही. कायद्याचे कलम, जन्मनोंद आणि मोजपट्टी एवढ्या भांडवलावर तो शतकानुशतके शांतपणे चालला आहे.

परक्याला हीन लेखणे जुनेच. गुलामगिरीही बहुतेक प्राचीन समाजांत होती. मात्र ती एका रंगाला बांधलेली नव्हती. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांना पुरून उरला. रंगावरून शिव्या त्यालाही खाव्या लागल्या, जहांगीरने त्या आपल्या आठवणींत लिहूनच ठेवल्या आहेत. पण रंगामुळे सत्तेचे दार बंद झाले नाही. त्याच शतकात अटलांटिकपलीकडे ते बंद होऊ लागले होते.

त्या बदलाचे एक मूळ स्पेन-पोर्तुगालात सापडते. टोलेडो शहराने १४४९ मध्ये ठराव करून ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना नगरातील अधिकारपदे नाकारली. धर्म बदलला तरी रक्त बदलत नाही, असा त्याचा अर्थ. ‘रक्ताच्या शुद्धते’ची ही कल्पना पोर्तुगीज जहाजांतून गोव्यातही उतरली, स्थानिक ख्रिस्ती धर्मगुरूंना वरची पदे मिळत नसत आणि पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या कटामागे हीच खदखद होती. जातीसाठीचा इंग्रजी शब्दही पोर्तुगीज ‘कास्ता’वरूनच आला.

पण सिद्धांतापेक्षा मोठे काम केले ते साखर आणि तंबाखूने. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. मळेवाल्यांची गरज कायद्यात कशी उतरली, हे व्हर्जिनिया वसाहतीत वर्षागणिक दाखवता येते. इंग्रजी रिवाजात मूल बापाच्या दर्जाचे. १६६२ मध्ये तो रिवाज उलटवून मूल आईच्या दर्जाचे ठरवले गेले, म्हणजे मालकापासून दासीला झालेले मूलही मालकाचीच मालमत्ता. १६६७ मध्ये बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही असे ठरले, १६९१ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावर शिक्षा आली. काळा माणूस मुळातच हीन, हा सविस्तर ‘शास्त्रीय’ दावा यानंतरचा आहे. आधी नफा, मग तत्त्वज्ञान.

ते तत्त्वज्ञान मोजमापाच्या भाषेत आले. निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत माणसांच्या चार प्रकारांना स्वभावही चिकटवले : युरोपीय कायद्याने चालतो, आफ्रिकी लहरीने. फिलाडेल्फियात सॅम्युएल मॉर्टनने कवट्यांत मोहरीचे दाणे भरून मेंदूचे आकारमान काढले आणि आकडे जुळेनात म्हणून पुढे शिशाच्या गोळ्या वापरल्या. भारतात ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्लेने नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड सिद्ध करू पाहिली. मुंबईत गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये हे अनुमान बहुतेक प्रांतांत टिकत नसल्याचे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना नाकाच्या याच मापांवर बोट ठेवले : ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग अस्पृश्यतेला वंशाचा आधार कुठला?

या संदर्भात इरावती कर्वे यांचा बर्लिनमधील प्रबंध लक्षणीय आहे. १९२८ च्या सुमारास त्या ऑयगेन फिशर यांच्या मानववंशशास्त्र संस्थेत दाखल झाल्या. फिशर हे जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्र संततीच्या लोकांची मापे घेऊन नावारूपाला आलेले. गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू अधिक असमान असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचे रहस्य आहे, हे त्यांचे गृहीतक. ते तपासण्याचे काम कर्वे यांच्याकडे आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. गुरूच्या संस्थेत, गुरूच्या साधनांनी, पंचविशीच्या आतबाहेरच्या मराठी बाईने काढलेला हा निष्कर्ष. स्वदेशी परतल्यावर त्यांनी स्वतः जातींची शारीरिक मापे घेणे चालूच ठेवले, हेही नोंदवले पाहिजे. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९३५ मध्ये ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्गचे कायदे आले.

मोजमाप गैरसोयीचे झाले की ते सोडूनही देता येते. गोऱ्यांसाठी राखलेले नागरिकत्व मिळावे म्हणून भगतसिंग थिंद यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन मानववंशशास्त्राच्या आधारे आपण ‘कॉकेशियन’ असल्याचे मांडले. १९२३ च्या निकालात न्यायालयाने शास्त्र बाजूला ठेवून सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असे ठरवले. दक्षिण आफ्रिकेने १९५० च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाचा वंश नोंदवला. शंका आल्यास केसांत पेन्सिल खोवून पाहत. ती अडकली की माणूस गोरा नाही.

वंशवादाविरुद्धच्या लढ्यांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केली आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

मानवी आनुवंशिक वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच असते, असे आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखवले. शास्त्रातला पाया गेला, पण त्यावरची इमारत राहिली. ईशान्य भारतातील तरुणांना दिल्लीत चेहऱ्यावरून हिणवले जाते, घर नाकारले जाते. त्यांच्या तक्रारींसाठी २०१४ मध्ये केंद्राला बेझबरुआ समिती नेमावी लागली. ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द आपल्या वधूवरसूचक जाहिरातींतून अजून हललेले नाहीत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

उपकरणांतही ती इमारत शिल्लक आहे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गडद त्वचेवर रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकते; कोविडच्या साथीत ही चूक ठळकपणे पुढे आली. अमेरिकेत मूत्रपिंडाची क्षमता काढण्याच्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास आकडा वाढवून धरत. परिणामी तो कागदावर अधिक निरोगी दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत उशिरा येई. वंशाचा रकाना नसलेले सूत्र तिथे २०२१ मध्ये सुचवले गेले.