आता नाही, पुढच्या वर्षी या! अमेरिकन कॉलेजची 'ट्रान्सफर'ची हमी म्हणजे नेमकं काय?

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या अब्बांचा फोन आला. कुटुंब मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, आता न्यू जर्सीत स्थायिक. मुलीने बारावीनंतर एका नामांकित विद्यापीठात अर्ज केला होता आणि उत्तर आलं होतं. अब्बा म्हणाले, "सर, हा होकार आहे की नकार, तेच कळत नाही. यंदा प्रवेश नाही म्हणतात, पण पुढच्या वर्षी नक्की घेऊ असंही लिहिलंय. मी म्हणतो, वर्षभर गावी येऊ दे, दादीजवळ राहील, मग जाईल."

आम्ही त्यांना पत्र पूर्ण वाचून दाखवायला सांगितलं. बरं झालं सांगितलं. मुलगी वर्षभर गावी आली असती, तर ती जागा हातची गेली असती. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांपुढे असं पत्र येऊ शकतं. म्हणून त्याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

ही ऑफर म्हणजे काय?

अमेरिकेत बारावीनंतर पदवीच्या पहिल्या वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्याला 'फ्रेशमन' म्हणतात. एका कॉलेजात काही काळ शिकून दुसऱ्या कॉलेजात जाणारा तो 'ट्रान्सफर' विद्यार्थी. काही विद्यापीठे फ्रेशमन म्हणून प्रवेश नाकारताना निवडक विद्यार्थ्यांना लेखी कळवतात: पहिलं वर्ष दुसऱ्या कॉलेजात करा, आम्ही सांगितलेले विषय घ्या, ठरावीक गुण मिळवा, मग दुसऱ्या वर्षात आमच्याकडे तुमची जागा पक्की. हीच ट्रान्सफरची हमी. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाची अशी ऑफर 'ट्रान्सफर ऑप्शन' या नावाने ओळखली जाते.

ही वेटिंग लिस्ट नाही. वेटिंग लिस्टमध्ये कुणी जागा सोडली तर नंबर लागतो, सगळं नशिबावर. इथे अटी पूर्ण करणं विद्यार्थ्याच्या हातात असतं.

आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट म्हणजे 'डायरेक्ट सेकंड इयर'. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून मुलं थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जातात. फरक इतकाच की आपल्याकडे त्यासाठी प्रवेशाच्या फेरीत उतरावं लागतं. तिथे एका विद्यापीठाने एका विद्यार्थ्याच्या नावाने आधीच शब्द दिलेला असतो.

विद्यापीठे असं का करतात?

पहिल्या वर्षाचे वर्ग आणि हॉस्टेल यांची क्षमता ठरलेली असते. वर्षभरात काही विद्यार्थी कॉलेज सोडतात, पुढे काही एखादं सत्र परदेशात शिकायला जातात. वरच्या वर्षांत अशा जागा मोकळ्या होतात.

टीकाकार आणखी एक कारण सांगतात. कॉलेजांच्या क्रमवारीत एसएटीचे गुण पाहिले जातात, ते पहिल्या वर्षात दाखल झालेल्यांचे. ट्रान्सफरने आलेल्यांचे गुण त्यात धरले जात नाहीत. कारण काहीही असो, तुमच्या मुलाला किंवा मुलीला कमी लेखलं असा अर्थ काढू नका. ज्याला घ्यायचंच नाही, त्याला विद्यापीठ असं पत्र पाठवत नाही.

कॅलिफोर्नियाचा वेगळा रस्ता

कॅलिफोर्नियाने १९६० च्या 'मास्टर प्लॅन'मध्येच ठरवलं की विद्यार्थ्याने कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकावं आणि मग विद्यापीठात जावं, हा रस्ता सर्वांसाठी खुला असेल. आज तिथे शंभराहून अधिक कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांची फी विद्यापीठापेक्षा खूप कमी असते.

तिथल्या हमीला 'टॅग' म्हणतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस ती देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये, तोही एकाच कॅम्पससाठी करता येतो. त्यानंतर प्रवेशाचा मुख्य अर्ज वेगळा भरावा लागतो. तो राहिला तर टॅग असून उपयोग नाही. ट्रान्सफर होईपर्यंत सेमिस्टर पद्धतीचे ६० किंवा क्वार्टर पद्धतीचे ९० युनिट पूर्ण हवेत. गुणांची अट कॅम्पसनुसार बदलते आणि जास्त मागणीचे काही विषय या हमीतून वगळलेले असतात. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला विषय विद्यापीठात धरला जातो, हे 'असिस्ट' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतं.

व्हर्जिनियासारख्या इतर काही राज्यांतही कम्युनिटी कॉलेजं आणि विद्यापीठं यांच्यात असे लेखी करार आहेत.

पत्र वाचताना काय बघायचं?

१. वर्ष रिकामं घालवायचं नाही. बहुतेक ऑफरमध्ये ते वर्ष मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्ण वेळ शिकून काढणं हीच मुख्य अट असते. गॅप घेतला तर शब्द मोडला.

२. जीपीए. हे गुण चारपैकी मोजतात. 'ए' म्हणजे ४, 'बी' म्हणजे ३. अट ३.३ ची असेल तर सरासरी 'बी प्लस' राखावी लागेल. नवीन शहर, नवीन कॉलेज, अशा वेळी पहिलं सत्रच घसरतं आणि मग दुसऱ्या सत्रात भरून काढणं जड जातं.

३. विषय. गणित, लेखन, विज्ञान यांतले ठरावीक कोर्स मागितलेले असतात. नाव सारखं असलं तरी कोर्स धरला जाईलच असं नाही. नाव नोंदवण्याआधी विद्यापीठाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

४. शाखा. हमी सहसा एका ठरावीक शाखेपुरतीच असते. आत गेल्यावर शाखा बदलू, या भरवशावर राहू नका.

५. पैसा. पहिल्या कॉलेजने दिलेली स्कॉलरशिप सोबत येत नाही. गुणवत्तेवरच्या काही स्कॉलरशिप फक्त फ्रेशमनसाठी असतात. सरकारी मदतीचा 'फाफ्सा' फॉर्म दरवर्षी नव्याने भरावा लागतो, आणि तो मुख्यतः अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक अशांसाठी असतो. दुसऱ्या वर्षापासून खर्च किती येईल, हे आधीच विचारा. व्याजी कर्ज टाळू पाहणाऱ्या घरांनी हा हिशोब होकार कळवण्याआधीच मांडावा.

६. राहण्याची सोय. ट्रान्सफर विद्यार्थ्यांना हॉस्टेल मिळेलच असं नसतं.

७. व्हिसा. भारतातून एफ-१ व्हिसावर गेलेल्यांनी कॉलेज बदलताना 'सेव्हिस'मधली नोंद नव्या कॉलेजकडे वळवून घ्यावी लागते. त्यासाठी दोन्ही कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयांशी वेळेत बोला.

पहिलं वर्ष कुठे करायचं?

खरा निर्णय हाच. पालक म्हणतात, एकच वर्ष तर काढायचंय, कुठेही काढू. आम्हाला हे पटत नाही. पहिलं कॉलेज असं निवडा की जिथे, गरज पडली तर, पूर्ण पदवी करायला मूल राजी असेल आणि घराला परवडेल. कधी गुण थोडक्यात कमी पडतात, कधी पैशाचं गणित जुळत नाही. कधी मुलाचं तिथेच मन रमतं, चांगले प्राध्यापक भेटतात, आणि त्यालाच जायचं नसतं. ऑफर आली म्हणून जायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नसतं. हमी विद्यापीठाने दिलेली आहे, विद्यार्थ्याने नाही.

आणखी एक गोष्ट. अशी पत्रं साधारण मार्चअखेर येतात आणि बहुतेक कॉलेजांना होकार कळवण्याची मुदत १ मे असते. म्हणजे रुसायला, रडायला आणि ठरवायला मिळून महिनाभरच मिळतो.

त्या मुलीने शेवटी घराजवळच्या सरकारी विद्यापीठात नाव घातलं. तिथे तिच्या आवडीचा विषय पदवीपर्यंत शिकता येतो. विषयांची यादी तिने आधी दोन्हीकडून तपासून घेतली. दादीला भेटायला ती उन्हाळ्याच्या सुट्टीत आली, तेव्हा आम्ही विचारलं, "मग, जाणार का तिकडे?"

"गुण तर पुरेसे आहेत, सर," ती म्हणाली, "फीचं पत्र आलं की ठरवते."

एका वर्षापूर्वी ज्या पत्रावर ती रडली होती, त्याच पत्राबद्दल ती आता हिशोबाने बोलत होती.