मेंदूच्या आवरणातील गाठ आणि नैराश्यावरील औषधे

चंद्रपूर, प्रतिनिधी - मेंदूभोवतीच्या आवरणात उद्भवणाऱ्या गाठीस ‘मेनिंजिओमा’ म्हणतात. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये हे नाव दिले. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, संथ वाढते व स्त्रियांमध्ये अधिक आढळते. ती कपाळामागील भागावर दाब देत असल्यास फिट येण्याच्या कितीतरी आधी माणूसच बदलू शकतो. बोलणे कमी होते, कामात मन लागत नाही. घरचे त्यास आळस म्हणतात, डॉक्टर नैराश्य. आणि गोळ्या सुरू असताना गाठ वाढत राहते. पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले व औषधांना दाद न देणारे नैराश्य असेल, तर मेंदूचे स्कॅनिंग करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

गाठीचे निदान झालेल्या रुग्णासही खरेखुरे नैराश्य येते. सूज उतरविणारे डेक्सामेथॅसोन व फिटवरील लेव्हेटिरॅसिटॅम यांमुळेही मनःस्थिती बिघडू शकते. म्हणून नवी गोळी देण्यापूर्वी जुन्या गोळ्या तपासणे श्रेयस्कर. मात्र रुग्णाने फिटचे औषध परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

सामान्यतः सेर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामला पसंती दिली जाते. गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. ब्युप्रोपिऑन व क्लोमिप्रॅमिन फिटची शक्यता वाढवीत असल्याने टाळतात. फेनिटोइन व कार्बामाझेपिनमुळे नैराश्यावरील अनेक औषधांचा प्रभाव घटतो. उलट फ्लुओक्सेटिनमुळे रक्तातील फेनिटोइन वाढते. वृद्धांमध्ये सोडियम उतरून भ्रम होतो आणि गाठच वाढली, असा समज होतो. रक्तस्रावाचा धोकाही किंचित वाढत असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी शल्यचिकित्सकांना या गोळ्यांची कल्पना द्यावी. केवळ मेंदूच्या गाठीच्या रुग्णांवर या औषधांच्या भक्कम चाचण्या झालेल्या नाहीत. बहुतेक निर्णय इतर आजारांतील अनुभवावरच घेतले जातात, हे मान्य केले पाहिजे.

या भागात आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. गडचिरोलीत हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा आहे. क्लोरोक्विन व एस्सिटालोप्राम ही दोन्ही औषधे हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतात. त्यामुळे तापासाठी आरोग्य केंद्रात जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. शस्त्रक्रियेसाठी चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. सिरोंचा, भामरागडच्या रुग्णास त्याहून लांबचा प्रवास. दोन भेटींच्या मधल्या काळात मन खचल्यास २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून समुपदेशन मिळते.